आडवे शब्द, उभे शब्द

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘शब्दकोडे’ असे सांगितले. त्यांना प्रथम वाटले, गडी थट्टा करीत आहे. हमाल, शेतमजूर आणि ऊसतोडणी कामगार यांच्या मजुरीसाठी गेली तीस वर्षे या तालुक्यात ओरडत हिंडणाऱ्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कोपऱ्यात छापलेल्या काळ्यापांढऱ्या चौकटीवर त्याने काय बोलावे? पण मी हट्ट सोडला नाही. या व्यासपीठावर आजवर जे विद्वान येऊन गेले ते शाळा-कॉलेजांतून शिकून आले. मी सातवीनंतर शाळा सोडली. त्यानंतर जे काही चार शब्द शिकलो, त्यांतले बरेचसे या चौकटीने शिकविले. ज्या शाळेचे ऋण आहे, तिच्याविषयी एकदा तरी बोलावे, एवढाच हेतू.

शाळा सुटली आणि मी भुसार मालाच्या एका आडत दुकानात पोती वाहू लागलो. दुकानात सोलापूरहून पेपर येई. तो आधी मालक वाचीत, मग दिवाणजी, मग मापाडी. आम्हा हमालांच्या हाती पडेपर्यंत संध्याकाळ होई आणि त्यावर चहाच्या बशीची दोन-तीन वर्तुळे उमटलेली असत. बातम्या शिळ्या झालेल्या असत. कोडे मात्र ताजे असे, कारण ते कोणी सोडविलेले नसे. पोत्याला पाठ टेकून, दिवाणजींची पेन्सिल मागून घेऊन मी ते भरू लागलो. पहिल्या दिवशी दोन शब्द आले. चार महिन्यांनी निम्मे येऊ लागले. सबंध कोडे एकट्याने सुटावयास दोन वर्षे लागली.

त्या दोन वर्षांत जे कळले, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. थोडक्यात ते असे : एका बाजूने बरोबर वाटणारी गोष्ट दुसऱ्या बाजूने पडताळून पाहिल्याशिवाय खरी मानू नये, आणि खरी ठरली तरी तेवढ्यावर थांबू नये.

कोड्याचा जन्म

कोडी घालणे आपल्याला नवे नाही. उखाणे, कूट, हुमाण असे कितीतरी प्रकार आपल्या घरांतून चालत आले आहेत. जात्यावर बसलेली आजी नातवाला कोडे घाली आणि उत्तर येईपर्यंत दळण उरकून घेई. चौकटीतले कोडे मात्र अलीकडचे, आणि त्याची जन्मतारीखही नक्की आहे : २१ डिसेंबर १९१३, रविवार. आर्थर विन नावाचे लिव्हरपूलचे गृहस्थ अमेरिकेत पत्रकारी करीत होते. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या करमणुकीच्या पुरवणीसाठी त्यांनी एक कोडे रचले. त्याचा आकार चौकोनी नव्हता, पत्त्यातल्या चौकटच्या पानावरील खुणेसारखा होता, आणि मधोमध मोकळी जागा होती. त्याचे नाव ‘वर्ड-क्रॉस’. पुढे काही आठवड्यांनी छापताना शब्दांची उलटापालट झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ असे छापून गेले. तेच नाव जगभर टिकले. कर्त्याचे नाव इतिहासात राहिले; बारसे करणारा छापखान्यातला कामगार कोण, ते कोणी लिहून ठेवले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९२४ साली न्यूयॉर्कमध्ये सायमन आणि शुस्टर या दोघा नव्या प्रकाशकांनी कोड्यांचे पहिले पुस्तक काढले. सोबत एक पेन्सिलही दिली. पुस्तक इतके खपले की त्यांची प्रकाशनसंस्था त्यावर उभी राहिली. त्याच साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या वेडाला वेळेचा पापी अपव्यय म्हणून झोडपले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० पासून कोडे सुरू केले. न्यूयॉर्कच्या ‘टाइम्स’ने आणखी बारा वर्षे दम धरला, पण १५ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांनाही शरण यावे लागले. अमेरिका नुकतीच युद्धात पडली होती, आणि काळजीने ग्रासलेल्या वाचकाला घटकाभर विरंगुळा हवा, असा विचार त्यामागे होता.

युद्धाचे नाव निघाले म्हणून एक हकीकत सांगतो. इंग्लंडात ‘डेली टेलिग्राफ’ची कोडी लिओनार्ड डॉव नावाचे एक हेडमास्तर रचीत असत. १९४४ च्या मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी त्यांच्या कोड्यांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून अशी उत्तरे एकामागून एक आली. ६ जूनला दोस्तांचे सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरावयाचे होते आणि हे सगळे त्या मोहिमेतले गुप्त शब्द होते! गुप्तहेर खात्याची माणसे मास्तरांच्या दारी आली, उलटतपासणी झाली, पण हाती काही लागले नाही. चाळीस वर्षांनी, १९८४ साली, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने जाहीर केले की, मास्तर मुलांकडून शब्द भरून घेत, आणि शाळेजवळच्या छावणीत सैनिकांच्या तोंडी जे ऐकले तेच आपण चौकटीत भरले होते. तेव्हा शब्द कोशातून येतात हे खरे. पण त्याआधी ते माणसांच्या तोंडून येतात.

मराठी घर

आता आपल्या भाषेकडे वळू. इंग्रजी कोड्यात एका घरात एक अक्षर असते आणि अक्षरे सारी सव्वीस. मराठीत एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट पुरे अक्षर बसते. ‘मंगळवेढे’ लिहावयाचे तर मं, ग, ळ, वे, ढे अशी पाच घरे लागतील. ‘क्षत्रिय’ शब्दाला तीनच लागतील, कारण जोडाक्षर फोडावयाचे नसते. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेवर रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. इंग्रजीत दोन शब्द ‘ई’वर सहज गाठ घालतात, मराठीत ‘ळ’ला ‘ळ’ मिळून चालत नाही, ‘ळा’ला ‘ळा’च मिळावा लागतो. म्हणून मराठी कोडे रचणाऱ्याचे काम अवघड. सोडविणाऱ्याचे मात्र त्यातच भले आहे, कारण जुळलेले एक घर त्याला व्यंजनही देते आणि स्वरही.

ऱ्हस्व-दीर्घ मी याच घरांत शिकलो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा त्यांतला एक. म्हणून जुन्या पुस्तकातला ‘कवि’ आजच्या कोड्यात ‘कवी’ होऊन येतो. शाळेत याच नियमासाठी मी छड्या खाल्ल्या होत्या. कोड्याने छडी मारली नाही; चुकीची वेलांटी घातली की उभा शब्द अडे, इतकेच. आणि अडल्याइतका दुसरा गुरू नाही.

नमुन्यादाखल मी एक लहानसे कोडे रचले आहे. पाच घरांच्या तीन ओळी आखा. सूचना अशा :

आडवे शब्द
१. सोलापूरचे डॉक्टर; चीनमध्ये रुग्णसेवा करीत असता १९४२ साली तेथेच निधन (४)
३. महागाईवर कामगाराने मागावयाचा उतारा (५)

उभे शब्द
१. अर्धे चिपटे (३)
२. सुगीनंतर शेतात पडून राहिलेले, वेचून आणावयाचे धान्य (३)

हे कोडे मी आमच्या संघटनेच्या खोलीत फळ्यावर लिहिले. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने लगेच डॉक्टरांचे नाव सांगितले. १९१० साली सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. हे त्याला पाठ होते. पण ‘अर्धे चिपटे’ म्हटल्यावर तो गप्प झाला. मीही मुद्दाम गप्प बसलो. भिंतीशी आमच्या एक आक्का बसल्या होत्या. जन्म शेतमजुरीत गेला, अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, “कोळवं की रं! दोन कोळवी म्हंजी चिपटं, दोन चिपटी म्हंजी मापटं, दोन मापटी म्हंजी शेर, आन् चार शेराची पायली. एवढं बी ठावं न्हाई व्हय?” दुसरी उभी सूचना वाचून होताच त्या हसल्या. “सरवा! सुगी सरली की आमी पोरीबाळी सरवा येचायला जायचो. त्यावर चार-चार दीस काढलेत.”

को, ळ, वे. स, र, वा. फळ्यावर खालच्या ओळीत पहिले घर ‘वे’ आणि चौथे ‘वा’ असे भरले, आणि पाठीमागून दहा-बारा हमाल एकदम ओरडले, “वेतनवाढ!” पुरी चौकट अशी झाली :

को ट णी स ■
ळ ■ ■ र ■
वे त न वा ढ

एकट्या मुलाला हे कोडे सुटले नसते, एकट्या आक्कांनाही नाही. शिकलेल्याला नाव ठाऊक होते, न शिकलेल्या बाईला माप ठाऊक होते, आणि मागणी सगळ्यांना ठाऊक होती. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून दशमान मापे येऊ लागली, आणि शेर-पायली सरकारी व्यवहारातून गेली. ती आता दोनच ठिकाणी शिल्लक आहेत : वृद्धांच्या तोंडी आणि कोड्यांच्या चौकटीत.

आणखी एक गंमत पाहा. त्या मुलाने आधी ‘कोटनीस’ असे लिहिले होते. हिंदीत तसे लिहितात. ती चूक कोणाच्याच ध्यानात आली नाही, कारण त्या घरातून उभा शब्द जात नव्हता. ज्या घराला साक्षीदार नाही, त्या घरातली चूक खपून जाते. चूक खपते तेथेच लबाडीही खपते, आणि ती किती महाग पडते हे माझ्या घराने भोगले आहे.

भाकरी की चाकरी

मी पेन्सिल घेऊन कोड्याशी बसलेला पाहिला की माझी आजी कपाळाला हात लावी. “कोड्यानं घर खाल्लं,” एवढेच ती म्हणे. त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. माझे आजोबा सोलापुरात एका गिरणीत साच्यावर होते. १९५० च्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. कूपन भरावयाचे, प्रवेशशुल्काची पोस्टल ऑर्डर जोडावयाची आणि निकालाची वाट पाहावयाची. आजोबा दर पगाराला कूपने भरीत. एकदा त्यांना किरकोळ बक्षीस मिळाले, आणि तेच नडले. त्यानंतर आजीच्या पायांतल्या तोरड्या गेल्या, भांडी गेली, आणि शेवटी सावकाराचे देणे फेडण्यासाठी ते कुटुंब घेऊन इकडे गावाकडे आले.

त्या कोड्यांत डाव कोठे होता, ते समजून घेण्यासारखे आहे. एक सूचना घ्या : ‘गरिबाला हिची चिंता सुटत नाही (३)’. शेवटची दोन घरे ‘क’, ‘री’ अशी आधीच भरलेली आहेत. पहिले घर मोकळे आहे आणि त्यातून उभा शब्द जात नाही. उत्तर ‘भाकरी’ की ‘चाकरी’? दोन्ही बरोबर. पण कंपनीने त्यांतले एक आधीच ठरवून मोहोरबंद पाकिटात ठेवलेले. पाकिटाशी जुळेल तेच ‘खरे’. अशा दुहेरी सूचना दहा असल्या, तर कूपन भरण्याचे प्रकार होतात १,०२४. एका कूपनाला चार आणे धरा. सगळे प्रकार भरावयाचे म्हटले तर २५६ रुपये झाले! माणूस आपल्या ऐपतीप्रमाणे पाच-दहा भरी आणि आपण बुद्धी चालविली असे समजे. प्रत्यक्षात तो नाणे उडवीत होता, आणि नाणे दुसऱ्याच्या खिशात होते.

याविरुद्ध मुंबई राज्याने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीसस्पर्धा यांच्या नियंत्रणाचा व करआकारणीचा कायदा केला. स्पर्धा चालविणाऱ्यांनी राज्याबाहेर छपाई नेली. तेव्हा १९५२ साली दुरुस्ती करून बाहेर छापून येथे खपणाऱ्या पत्रांनाही तो लावण्यात आला. पुढे १९५५ साली संसदेचा कायदा झाला : महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे असलेल्या स्पर्धेस बंदी, आणि त्याखालच्या स्पर्धेतही प्रवेशिका दोन हजारांहून अधिक घेता येणार नाहीत. स्पर्धावाले सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणे असे की, हा आमचा व्यापार आहे आणि व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निकाल दिला. जुगार हा घटनेने राखलेला व्यापार नव्हे. मात्र जेथे खरोखर कौशल्याने उत्तर मिळते, अशा स्पर्धेला हा कायदा लागू नाही. त्याच दिवशी मुंबईच्या कायद्याविषयी दिलेल्या निकालपत्रात सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्ताची आठवण दिली आहे. द्यूतात हरलेल्या माणसाच्या घराची दशा तीन हजार वर्षांपूर्वी जी होती, तीच सोलापूरच्या चाळीत होती.

म्हणून मी कोडे हातात घेतले की आधी एवढेच पाहतो : प्रत्येक शब्दाला निदान दोन-तीन घरी दुसऱ्या शब्दाची साक्ष आहे काय? असेल तर ते कोडे प्रामाणिक. त्याचे उत्तर चौकटीतच पडताळता येते; ते कोणाच्या पाकिटात नसते. आजीला हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. तिला ते पटले नाही. पण पुढे मी अडलो की “काय अडलंय?” असे ती विचारू लागली. पटण्याचाच तो एक प्रकार, असे मी समजतो.

उत्तराच्या पलीकडे

रोजचे कोडे सोडविणाऱ्याजवळ काही वर्षांत फुटकळ माहितीचे मोठे गाठोडे जमते. ‘बसवेश्वरांनी श्रमाला दिलेले नाव (३)’ – कायक. ‘रब्बी ज्वारीचा नामांकित वाण (४)’ – मालदांडी. ‘दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणारे मंगळवेढ्याचे संत (५)’ – दामाजीपंत. चारचौघांत बसून अशी दहा-वीस उत्तरे फेकली की माणूस विद्वान वाटतो. मलाही तसे वाटू लागले होते. त्या भ्रमातून मला एका तीन अक्षरी शब्दाने बाहेर काढले.

सूचना होती : ‘गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे (३)’. लो, खं, डे. मी भरले आणि पुढे गेलो. रात्री पडल्या पडल्या विचार आला : म्हणजे त्याआधी रविवारची सुटी नव्हती? जी गोष्ट मी सूर्य उगवण्यासारखी आपोआप घडणारी समजत होतो, ती कोणीतरी मागून, भांडून मिळविली होती? दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, ‘दीनबंधु’ पत्र चालविले, आणि त्यांच्या चळवळीने १० जून १८९० रोजी आठवड्याची सुटी मान्य झाली. पुढल्या आठवड्यात मी आमच्या दुकानातल्या हमालांना विचारले, “आपल्याला सुटी का नाही?” माझ्या संघटनेच्या कामाची सुरुवात ही अशी झाली. तीन घरांच्या कोड्याने.

तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला : रोजच्या कोड्यातला एक शब्द निवडावयाचा आणि त्याचा माग काढावयाचा. वाचनालयात दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ होता. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे सात खंड मी शब्दाशब्दाने चाळले. पुढे १९७६ पासून निघू लागलेले विश्वकोशाचे खंड हाती आले. आज तर तोच विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचावयास मिळतो. सोय चांगली आहे. तिची मी निंदा करणार नाही. पण कोड्याचे उत्तरही मोबाईलवर क्षणात मिळते, आणि तेथे घात होतो. अडल्याशिवाय मिळालेले उत्तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आधी दिवसभर अडून राहा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि मग मोबाईल उघडा. उत्तरासाठी नव्हे, उत्तराच्या पुढचे वाचण्यासाठी.

पुढचे म्हणजे काय, ते आपल्याच गावच्या एका सूचनेने सांगतो. ‘मंगळवेढ्यात देह ठेवलेले संत (४)’. हे कोडे येथल्या शाळकरी पोरालाही सुटेल : चो, खा, मे, ळा. पण ‘देह ठेवला’ या दोन शब्दांखाली काय दडले आहे? शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. गावकुसाचे बांधकाम चालले होते. चोखोबा तेथे मजूर म्हणून राबत होते. भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गाडले गेले. त्यांनी देह ठेवला नाही. कामावर असताना त्यांचा देह चिरडला गेला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो कामावरचा अपघात होता. नामदेवराय येऊन अस्थी घेऊन गेले आणि पंढरपुरी महाद्वारासमोर समाधी झाली. परंपरा सांगते की, ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या, अशी नामदेवांनी ओळख पटविली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. पण संघटनेत आल्यावर एक प्रश्न छळू लागला. अस्थी ओळखाव्या लागल्या, याचा अर्थ तेथे इतरांच्याही अस्थी होत्या. भिंतीखाली आणखी मजूर होते. ते कोण? त्यांची नावे कोणत्याही चौकटीत बसत नाहीत, कारण ती कोणी लिहूनच ठेवली नाहीत. छापखान्यातल्या त्या कामगाराप्रमाणेच. कोडे आपल्याला एक नाव देते आणि चार घरे भरल्याचे समाधान देते. खरे ज्ञान त्या चार घरांच्या भोवती जी काळी घरे आहेत, त्यांच्याकडे पाहू लागल्यावर सुरू होते.

आडवी बेरीज, उभी बेरीज

शेवटी माझी एक चूक सांगतो, कारण व्यासपीठावरून दुसऱ्यांच्याच चुका सांगण्याची आम्हा कार्यकर्त्यांना सवय असते.

संघटना नवी होती. एका दुकानातल्या हमालाने तक्रार आणली की, दिवाणजीने त्याच्या नावावर पोती कमी लावली आणि हमाली बुडविली. मी वही मागवली. त्याच्या नावापुढची आडवी ओळ वाचली; दोन दिवस कोरे होते. तो म्हणाला, “मी रोज कामावर होतो.” मी भर बाजारात दिवाणजीला चोर म्हटले. वीस-पंचवीस माणसे जमली होती. दिवाणजी म्हातारे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे फिरवली आणि बोट त्या दोन तारखांच्या उभ्या रकान्यावर ठेवले. त्या दिवशी दुकानात उतरलेली सगळी पोती इतर हमालांच्या नावांवर बरोबर लागलेली होती. एकही पोते शिल्लक राहत नव्हते. आमचा गडी ते दोन दिवस जत्रेला गेला होता.

रोज आडवे-उभे शब्द जुळविणारा मी, माझ्याच कामात आडवी ओळ तेवढी वाचून निकाल देऊन बसलो होतो. मी सगळ्यांसमोर दिवाणजींची क्षमा मागितली. संघटनेतल्या काहींना ते आवडले नाही. “आपला माणूस खोटा पाडला,” असे ते म्हणाले. पण त्या दिवसापासून कोणतीही तक्रार आली की आम्ही हजेरीपत्रक दोन्ही बाजूंनी बेरीज करून पाहतो. नावापुढची आडवी बेरीज, तारखेखालची उभी बेरीज. कोपऱ्यातल्या घरात दोन्ही एक आल्या पाहिजेत. आल्या नाहीत, तर मग मात्र आम्ही उठत नाही. त्यानंतर कितीतरी वेळा आकडे खरोखरच जुळले नाहीत, आणि मजुरांची बुडालेली मजुरी पदरात पडली. कारण समोरच्याला ठाऊक असते की ही माणसे दोन्ही बाजू मोजून आलेली आहेत.

श्रोतेहो, आपणांपैकी अनेकजण उद्या सकाळी कोडे उघडतील. त्यांना मी काय सांगावे? खात्रीचा शब्द आधी भरा. शंकेचा शब्द पेन्सिलीने भरा, शाईने नको. दोन बाजूंची साक्ष मिळाल्याखेरीज घर पक्के करू नका. एखादे घर रिकामे राहिले तर राहू द्या. चुकीच्या अक्षराने भरलेल्या घरापेक्षा रिकामे घर बरे. आणि कोडे एकट्याने सोडवू नका. घरात जी म्हातारी माणसे आहेत, त्यांच्याजवळ कोशात न सापडणारे शब्द आहेत. ती माणसे आणि ते शब्द एकाच वेळी जाणार आहेत.

व्याख्यानमालेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. पुढल्या वर्षी या मंडपाच्या दाराशी एक मोठा फळा ठेवावा आणि त्यावर आपल्या तालुक्याचे कोडे रोज एक याप्रमाणे लिहावे. बक्षीस ठेवू नये. खडू मात्र ठेवावा. सूचना कोणी रचावयाच्या असा प्रश्न येईल. पहिल्या दिवसाच्या सूचना रचण्याचे आमच्या आक्कांनी कबूल केले आहे. त्या सांगतील आणि मी लिहीन. त्यांची पहिली सूचना त्यांनी मला आजच ऐकविली आणि ती मला सुटलेली नाही.